ईशान्य कोपऱ्यातला धाकटा

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला कुणी नवखा म्हणत नाही. ऑफिसात तो सीनियर असतो, सोसायटीच्या कमिटीवर असतो, लग्नकार्यात त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतात आणि कुणी काही काम सांगत नाही. अशा वयात मी फ्रीमेसन या बंधुमंडळाच्या शाखेत, म्हणजे लॉजमध्ये, दाखल झालो आणि एका संध्याकाळीत पुन्हा शेंडेफळ झालो. माझ्या मुलाहून जेमतेम मोठा असलेला एक सीए मला ‘ब्रदर’ म्हणतो आणि कुठे उभं राहायचं ते डोळ्यांनी सांगतो. मी मुकाट उभा राहतो. घरी हे कुणालाही पटत नाही.

फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलवरून रोज असंख्य माणसं स्टेशनाकडे पळत असतात. पूर्वी अशा वास्तूंना लोक ‘जादूघर’ म्हणत. ती धास्ती अजून पुरती गेलेली नाही. माझ्या मावशीने दबक्या आवाजात विचारलं, “रक्ताने सही करावी लागते का रे?” सही लागते, पण छापील फॉर्मवर, बॉलपेनने, आणि सोबत चेक जोडावा लागतो. चेकचं ऐकून मावशीचा जीव भांड्यात पडला. पैसे भरावे लागतात म्हणजे मंडळ नेहमीसारखंच असणार.

आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असते. पूर्वेला वर्शिपफुल मास्टर, पश्चिमेला आणि दक्षिणेला एकेक वॉर्डन. नव्या माणसाला ईशान्य कोपऱ्यात उभं करतात, कारण इमारतीची कोनशिला तिथे बसवायची रीत. आपल्याकडे त्या कोपऱ्यात देवघर असतं, त्यामुळे मला उगाचच मान मिळाल्यासारखं वाटलं. तो गैरसमज पोशाखाने दूर केला. काळा सूट, टाय, पांढरे हातमोजे आणि वर कोकराच्या कातड्याचा पांढराशुभ्र एप्रन. धाकट्याच्या एप्रनवर काही नसतं. पुढची पायरी चढला की दोन निळी फुलं, तिसरी पायरी चढून मास्टर मेसन झाला की तीन फुलं आणि निळी किनार. व्हिजिटिंग कार्डाची गरजच नाही. कोण किती पाण्यात आहे ते पोटावर दिसतं. मे महिन्यातल्या मुंबईत हा सगळा सरंजाम अंगावर चढवणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल निदान मला तरी शंका राहिलेली नाही.

खरी परीक्षा पाठांतराची. विधी जुन्या वळणाच्या इंग्रजीत, पल्लेदार वाक्यांचे, आणि ते कागद न बघता म्हणायचे. एरवी स्वतःच्या बायकोचा मोबाइल नंबर पाठ नसलेले गृहस्थ पानंच्या पानं घडाघडा म्हणतात. एखादा अडखळला की माजी मास्टरांच्या रांगेतून तिघे-चौघे एकदम शब्द पुरवतात, आरतीत एक कडवं विसरलं की घरातले सगळे काका जसे सरसावतात तसे. प्रत्येकाचा शब्द वेगळा असतो.

ही दारं आपल्यासाठी सहज उघडलेली नाहीत. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या गोऱ्या लॉजने घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली! पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने हिंदी लोकांना प्रवेश देणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत काढलं. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची शिखर संस्था, व्हायला मात्र १९६१ उजाडलं. आज लॉजच्या मध्यभागी मेजावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. मला विधींमधलं सगळंच भावलं असं नाही; काही भाग फार लांबतो. हे मेज मात्र भावलं.

लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असा कडक नियम आहे. दोन मराठी माणसांमधून हे दोन विषय काढून घेतले की काय उरतं, याची मला खरोखर काळजी होती. गुडघे उरतात. पार्किंग उरतं. मुलांचे व्हिसा उरतात. नंतरच्या जेवणावळीत यांवर भरपूर मंथन होतं. जेवणाचा हा सोस आजचा नव्हे. लंडनमधली पहिली ग्रँड लॉज १७१७ मध्ये ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ नावाच्या एका दारूच्या गुत्त्यात जमली, असंच परंपरा सांगते.

इथली बढतीही मजेशीर. धाकटा आधी स्टुअर्ड होतो, मग दाराच्या आतला राखणदार, मग डीकन, वॉर्डन असं करत करत एके वर्षी मास्टर. आणि वर्ष संपलं की खाली उतरायचं. दाराबाहेर उघडी तलवार घेऊन टायलर उभा असतो. आमच्याकडे ते काम करणारे आजोबा कधीकाळी याच लॉजचे मास्टर होते. आत सभा रंगलेली असते आणि हे बाहेर एकटे. वाईट नाही वाटत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “इथे पंखा चांगला आहे.”

परवा माझी स्टुअर्ड म्हणून नेमणूक झाली. म्हणजे जेवणाच्या वेळी वडीलधाऱ्यांच्या ताटांकडे बघायचं, पाणी द्यायचं, पुलाव फिरवायचा. मी ही बातमी घरी जरा ऐटीत सांगितली. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

“एप्रन तुमच्याकडे आहेच,” ती म्हणाली. “रविवारी माझ्याकडची माणसं येणार आहेत.”