क्वार्टरवासी झाडबेडूक : ताबा, देखभाल आणि शिष्टाचार

भिलाईत झाडबेडूक पाळायची पहिली पायरी म्हणजे एप्रिलमध्ये बाथरूमची खिडकी उघडी टाकणे. दुसरी पायरी नाही. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकला की हा प्राणी अर्ज, सीनियॉरिटी, साहेबांची ओळख यातलं काहीही न लावता पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या वाटेल त्या क्वार्टरचा ताबा घेतो. मोठा क्वार्टर मिळावा म्हणून ज्यांनी चपला झिजवल्या, त्यांना हे बघवत नाही. पण बेडकाला नोटीस बजावायची कोणत्या पत्त्यावर?

काही हौशी मंडळी मध्य अमेरिकेतल्या लाल डोळ्यांच्या हिरव्यागार बेडकाचे फोटो मोबाइलवर दाखवतील. बघावेत, छान म्हणावं आणि विषय बदलावा. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि भिलाईच्या मे महिन्यात त्याची काचपेटी थंड ठेवायची तर घरच्यांना पंखा बंद करून बसावं लागेल. आपला ठिपकेवाला झाडबेडूकच बरा. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस. ते त्याच्यासमोर उच्चारलं तरी तो हलत नाही. त्यालाही धरून पेटीत कोंडू नये; रानातलं जनावर आहे, पाहुणचार करावा, मालकी सांगू नये. इथल्या मैत्री बाग प्राणिसंग्रहालयात पांढरे वाघ बघायला तिकीट काढावं लागतं, हा दाढी करताना आरशावर फुकट दिसतो.

दिवसा तो पाय पोटाशी घेऊन भिंतीला असा चिकटतो, की डिस्टेंपरचा पोपडा वाटावा. ही आळशीपणाची खूण समजू नये. अंगातलं पाणी उडू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे. खात्री करायची तर बोटं बघा, प्रत्येकाच्या टोकाला गोल चकती असते. मांडीवरचे पिवळे ठिपके मात्र उडी मारल्यावरच दिसतात, आणि तेव्हा तुम्ही स्वतःही उडी मारलेली असल्याने निरीक्षण अपुरं राहतं. मादी नरापेक्षा चांगली थोराड, सात-आठ सेंटिमीटरपर्यंत. घरात जी बसलीय ती बहुधा बाईसाहेब आहे असं गृहीत धरूनच बोलावं.

ड्यूटी कायम नाइट शिफ्टची. 1959 साली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटल्यापासून या गावाला रात्रपाळीचं कौतुक नाही, त्यामुळे जुळवून घेणं जड जात नाही. जेवणात फक्त हलणारी वस्तू चालते. मेलेलं झुरळ पुढ्यात ठेवलं तरी ढुंकून बघणार नाही. जिवंत मिळालं की गट्टम, आणि गिळताना डोळे आत ओढून घेतो. घास खाली ढकलायला डोळ्यांच्या गोळ्यांचीही मदत घेतो. तेव्हा झुरळांचा खडू बंद. पोर्चमधला दिवा रात्री थोडा वेळ राहू द्यावा, पतंगांची सोय होते.

खरा पेच पाण्याचा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीने शोषतो; म्हणजे फरशीवर जे जे पडेल ते सगळं त्याच्या पोटात. फिनाइल, अॅसिड, साबण यांच्याशी त्याचं वैर आहे. आणि कामाला येणाऱ्या बाईंचं बेडकाशी. "दीदी, मेचका बइठे हे!" (मेचका म्हणजे छत्तीसगढी बेडूक) अशी हाक आली की हातातली पोळी तव्यावर सोडून धावावं, कारण पुढची हालचाल खराट्याची असते. तहाचा मसुदा आम्ही असा सुचवतो : फिनाइल फक्त दाराजवळ, खिडकीखालची भिंत बेडकाची, बाईंना त्या दिवशीचा चहा जास्त साखरेचा. त्याला उचलायची वेळ आलीच तर हात साध्या पाण्याने ओला असावा, नंतर साबणाने धुवावा, आणि तोवर डोळ्यांना लावू नये.

जूनमध्ये पाऊस लागला की रात्री टक्-टक्-टक् सुरू होतं. गळक्या नळाची तक्रार नोंदवण्याआधी खात्री करून घ्यावी. मग एका सकाळी कूलरच्या टाकीच्या कडेला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसतो. हा निरम्याचा फेस नव्हे, बाळंतघर आहे. मागच्या पायांनी घुसळून घुसळून मादीने केलेलं, वरून वाळून टणक झालेलं, आत अंडी. काही दिवसांत पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. घरात भंडारा-वर्ध्याकडची आजी असेल तर ती लगेच पावसासाठी धोंडी मागायच्या आठवणी काढेल : कडुलिंबाचा पाला, घरोघरचं पाणी, आणि काठीला बांधलेला बेडूक. बेडकासमोर हा तपशील नको.

आता डेंग्यूच्या दिवसांत कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करायची, हे बंधनच. म्हणून पिल्लं चहाच्या गाळणीने नव्हे (आई बोलतील), वाटीने अलगद काढून अंगणातल्या टबात सोडावीत. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मगच घालावं, क्लोरीन सोसत नाही. दीड-दोन महिन्यांत शेपट्या जातात, पाय येतात, आणि मंडळी टगरीच्या झाडावर चढून बसतात. त्यातलं एखादं फ्लशच्या टाकीत मुक्काम करतं. पुण्याहून पाहुणे येणार असतील तर हे आधी सांगू नये. ते हॉटेलात उतरतात, आणि मग रोज जेवायला आपल्यालाच तिकडे जावं लागतं.