गढीवाले भाऊसाहेब

संभाजीनगरातल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीत लिफ्ट बंद पडली की जिन्यात एक गृहस्थ हमखास भेटतात. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून दम खातात आणि आपण काही विचारायच्या आत सांगतात, “आमच्या गढीच्या पायऱ्या याच्या दुप्पट उंच. लहानपणी दिवसातून दहा वेळा चढायचो.” हे गढीवाले भाऊसाहेब. आडनाव बहुधा देशमुख, क्वचित देशपांडे किंवा पाटील. गाव परभणी जिल्ह्यातलं. नोकरी बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात झालेली, आता निवृत्त. सिडकोत स्वतःचा फ्लॅट आहे, पण त्याचा उल्लेख ते ‘सध्या इथं टेकलोय’ असाच करतात. टेकून तीस वर्षं झाली.

फ्लॅटच्या हॉलमध्ये गढी दाटीवाटीनं भरलेली असते. पितळी फुल्यांच्या दाराची एक फळी काच लावून टीपॉय झालेली. धान्याच्या रांजणात मनीप्लांट. भिंतीवर शेरवानी आणि रुमी टोपीतले आजोबा, आणि त्यांच्या शेजारी सोनेरी चौकटीत उर्दूतला एक जीर्ण कागद. भाऊसाहेब त्याला मुंतखब म्हणतात. म्हणजे निजाम सरकारनं वतनाचा वारसा कबूल केल्याचा दाखला. आजोबा कचेरीत उर्दूच बोलायचे, नातवाला मात्र त्यातला अलिफ ओळखू येत नाही. समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांनी एकदा चष्मा वर करून तो कागद वाचला आणि अत्यंत अदबीनं सांगितलं की ही शेतसाऱ्याच्या थकबाकीची नोटीस आहे. भाऊसाहेब क्षणभरही डगमगले नाहीत. म्हणाले, “बाकी कुणाकडे निघते, मास्तर? ज्याच्याकडे जमीन असते त्याच्याकडेच ना?” नोटीस अजून तिथंच आहे.

या मंडळींवर इतिहासानं अन्याय केला, हे त्यांच्या बोलण्यात फार येतं. निजामाच्या दिवाणानं, पहिल्या सालारजंगानं, 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी करून वसुली पगारी अंमलदारांकडे सोपवली आणि देशमुखांना घरबसल्या रोख ‘रुसूम’ बांधून दिला. काम गेलं आणि मान राहिला. माझ्या मते ही व्यवस्था भाऊसाहेबांच्या घराण्याला फारच मानवली. बँकेतल्या नोकरीतही त्यांनी शक्यतो तीच चालू ठेवली होती. पुढे 1950 चा कूळकायदा आला, 1961 चा कमाल जमीन धारणेचा आला. हे कायदे सगळ्यांसाठी होते यावर त्यांचा विश्वास नाही. हैदराबादेत आणि मुंबईत कुणीतरी जिंतूर तालुक्याचा नकाशा पुढ्यात घेऊन आपल्या गढीवर बोट ठेवलं होतं, असंच ते सांगतात.

थंडी पडली, ज्वारी हुरड्यात आली की भाऊसाहेबांना गढी चढते. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो : ‘येत्या रविवारी गढीवर हुरडा. सकाळी जाऊन रात्री परत. खर्च फक्त गाडीचा.’ शहराबाहेर माणशी पैसे घेऊन हुरडा खायला घालणारी शेतं आता पुष्कळ झाली आहेत; भाऊसाहेब त्यांना ‘हुरड्याच्या खानावळी’ म्हणतात. तेव्हा पहाटे टेम्पो ट्रॅव्हलर निघते. भाऊसाहेब ड्रायव्हरशेजारी, डोक्यावर फेटा. तो त्यांनी घरूनच बांधून आणलेला असतो, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर टपाला लागतो. वहिनी शेवटच्या सीटवर पाण्याचे दोन जार, सतरंज्या आणि डासांची उदबत्ती घेऊन बसतात. त्या सासरी अनेकदा जाऊन आलेल्या आहेत.

जालन्यात गाडी थांबते, पण चहापुरती. कुणी पोह्यांकडे पाहिलं तरी भाऊसाहेब हात आडवा घालतात. “गढीवर न्याहारी तयार आहे. पोट राखून ठेवा.” मंठ्यापर्यंत पोट राखून ठेवल्यावर मंडळींचा इतिहासातला रस कमी होऊ लागतो, आणि नेमका तिथूनच भाऊसाहेबांचा वाढतो. परभणी जिल्ह्याची हद्द लागते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण कुणीतरी हळूच काढतं. ते ऐकू न आल्यासारखं करतात.

मग चारठाणा येतं. यादवकाळातली मंदिरं, बारवा आणि चाळीसेक फूट उंचीचा नक्षीदार दगडी स्तंभ असलेलं हे गाव. कोपऱ्याकोपऱ्यावर कोरीव शिळा पडलेल्या. कधीकाळी इथं 360 देवळं आणि तितक्याच विहिरी होत्या असं गावकरी सांगतात. आकडा सोडून द्या, पण जे उरलंय तेही दिवसभर पाहावं असं आहे. आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी गाडी थांबवायची विनंती केली. भाऊसाहेब म्हणाले, “परतताना बघू. ते काय, देवळंच आहेत.” सातशे-आठशे वर्षांचा दगड ताशी साठच्या वेगानं मागे गेला. त्या दगडात भाऊसाहेबांचा हिस्सा नव्हता, एवढंच त्याचं चुकलं. परतताना अंधार झाला होता.

पण वाडवडिलांच्या जागेचं हे वेड याच जिल्ह्यात फार जुनं आहे, आणि ते पाहिलं की भाऊसाहेब किरकोळ वाटू लागतात. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. घराण्यातला मुलगा बहामनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावानं मोठा सरदार झाला. त्याच्या मुलानं राज्य स्थापलं. नातू बुऱ्हाण निजामशाह गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणनं ती मागितली. बदल्यात दुसरा मुलूख देतो म्हणाला, पण इमादशहा ऐकेना. तेव्हा 1518 मध्ये फौज नेऊन पाथरी घेतली आणि, फिरिश्ता म्हणतो, पुढे आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकली. अख्खं राज्य हाताशी असलेला सुलतान पणजोबाच्या कुलकर्णीपणासाठी लढाई करतो. भाऊसाहेब नुसती टेम्पो ट्रॅव्हलर करतात.

गाव आलं. नाव सांगत नाही. अशी गढी आसपासच्या बऱ्याच गावांत आहे आणि प्रत्येकाला ही आपलीच वाटेल. “ती बघा!” भाऊसाहेब ओरडले. सगळ्यांनी माना बाहेर काढल्या. दिसली ती ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. गावातली सगळ्यात उंच जागा गढीची, म्हणून टाकी बुरुजावर बांधलेली. बुरुज टाकीखाली होता असं भाऊसाहेबांनी सांगितलं. उरलेली गढी म्हणजे पांढऱ्या मातीचा मोठा उंचवटा, त्यात अधूनमधून भिंतीचे सुळके, आणि एका अंगाला शाबूत राहिलेला चौकाचा तुकडा. पांढरीची माती शेताला खत म्हणून चांगली आणि माळवदावर टाकायला त्याहून चांगली, त्यामुळे पन्नास वर्षं गावानं गढी बैलगाड्या भरभरून आपापल्या घरांवर आणि रानात नेली. एका अर्थानं गढी पडलीच नाही, गावभर पांगली. हा अर्थ भाऊसाहेबांना पसंत नाही.

देवडीत म्हैस बांधलेली होती. “इथं चौकीवर अरब असायचे,” भाऊसाहेब म्हैस ओलांडत म्हणाले. मग पाहणी सुरू झाली. पाहणी म्हणजे जिथं काही नाही तिथं उभं राहून काय होतं ते ऐकायचं. इथं कचेरी, इथं जामदारखाना, ही निजामाची बैठक. सातवा निजाम इथं मुक्कामाला होता म्हणे. मराठवाड्यातल्या सगळ्या गढ्यांवरचे हे मुक्काम खरे धरले तर त्या बिचाऱ्याला हैदराबाद बघायला सवड मिळाली नसती. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षाची हकीकत त्यांच्याकडे दोन प्रकारची आहे. श्रोत्यांत स्वातंत्र्यसैनिकांच्या घरचं कुणी असेल तर गढीत भूमिगतांना आसरा होता. नसेल तर तालुक्याचा तहसीलदार जेवायला होता. यंदा दोन्ही प्रकारचे श्रोते होते. तेव्हा एकाच रात्री भूमिगत बळदात आणि तहसीलदार ओसरीवर, अशी सोय करण्यात आली.

भुयार तर असतंच. हे थेट देवगिरीला जातं. दीडेकशे किलोमीटर. गावाला चाळीस फुटी विहीर खणताना खडक लागून काम सोडावं लागलं होतं, पण ते नंतर. भुयाराचं तोंड म्हणून दाखवलेल्या खड्ड्यात लिंबू, कुंकू आणि ताज्या कुदळीचे घाव होते. गुप्तधनवाले अमावास्येला येऊन जातात. भाऊसाहेबांना त्यांचा राग नाही. उलट कुणीतरी अजून विश्वास ठेवतंय याचं समाधान आहे.

एक मात्र सांगायला हवं. शाबूत चौकात शिरल्यावर भाऊसाहेबांच्या आवाजातला भालदार गेला. तुळई कुठली, किलचन कुठलं, कुठल्या खांबाचं लाकूड कुठून आलं, बळदाचं बूच किती रुंद, कंदील कुठल्या खुंटीला आणि आजीची माळ कुठल्या कोनाड्यात, हे सगळं ते भराभर सांगत गेले आणि त्यात एकही निजाम आला नाही. हा माणूस सात वर्षांचा होईपर्यंत खरंच इथं राहिला होता. तेवढी सात वर्षं सोडली तर बाकी गढी त्यांनी सिडकोत बांधलेली आहे.

या चौकात त्यांच्या काकू एकट्या राहतात. ऐंशीच्या पुढच्या. माळवदावर तूर वाळत घातलेली, ओसरीवर शेंगांचं पोतं. एवढी माणसं पाहून त्या म्हणाल्या, “आलास का बापू? कामून इतक्या लोकांना आणलंस रे? इथं काय ठेवलंय? मागची भिंत पावसाळ्यात बसली, तिकडं जाऊ देऊ नको कुणाला.” न्याहारीचा निरोप त्यांना मिळालेला नव्हता. तरी तासाभरात भाकरी, वरण आणि ठेचा पुढे आला. वहिनींनी बाह्या सरसावून त्यातल्या निम्म्या भाकरी थापल्या होत्या.

जेवणं झाल्यावर बायकांनी कुजबुजत एक प्रश्न विचारला आणि भाऊसाहेबांच्या अठरा खोल्यांच्या नकाशात त्याला उत्तर सापडेना. काकूंनी किल्ली काढून दिली. चौकाच्या कोपऱ्यात स्वच्छ भारतच्या बारा हजारांच्या अनुदानातून बांधलेलं शौचालय होतं. पत्र्याचं दार, आतून कडी, नळाला पाणी. अख्ख्या गढीत बंद होणारं दार तेवढंच. शिक्षिकाबाईंनी परत येऊन ट्रिपमधली सर्वोत्तम वास्तू म्हणून त्याचं मनापासून कौतुक केलं.

दुपारी हुरडा. ओढ्याकाठच्या शेतात आगटी पेटली, गोवऱ्यांवर गुळभेंडीची कणसं भाजून हातावर चोळून पानांवर पडू लागली. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. यावर विनोद करायला माझ्याकडे काही नाही. तो हुरडा उत्तम होता. भाऊसाहेब बांधावर उभे राहून म्हणाले, “खा, आपल्याच रानातला आहे.” रान कूळकायद्यात गेलेलं. ज्या कुळाला गेलं त्याचा नातू आज गावचा सरपंच, आणि हुरडा त्याचाच. तो स्वतः वाकून वाढत होता. म्हणाला, “व्हय मालक, तुमचंच रान हाये. अजून घ्या.” इतकी उदार नम्रता सातबारा पक्का असल्याशिवाय येत नाही. भाऊसाहेबांनी ती मुजऱ्यासारखी स्वीकारली. परत निघताना त्यांनी त्या तरुणाच्या पाठीवर थाप मारून शेत चांगलं राखल्याबद्दल शाबासकीही दिली.

गाडी सुरू करायच्या वेळी सरपंचानं मोटारसायकलच्या डिकीतून एक वही काढली. “मालक, तेवढी घरपट्टी राहिलीय. नमुना आठला गढी तुमच्या आजोबांच्याच नावानं हाये. काकूंकडं कसं मागावं? आठ हजार चारशे झालेत सगळे.”

भाऊसाहेब गाडीतून खाली उतरले नाहीत. सबंध दिवस ‘माझी गढी, माझे बुरुज’ ऐकलेल्या आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बँकेतल्या जुन्या आवाजात हिशेब सुरू केला. आजोबांना चार मुलगे, म्हणजे वडिलांचा चौथा हिस्सा. वडिलांना आम्ही सात अपत्यं. बहिणींचा हक्क 1994 पासूनच आला आहे, कायदा म्हणजे कायदा. सात चोक अठ्ठावीस. माझा वाटा एक अठ्ठावीसांश. आठ हजार चारशे भागिले अठ्ठावीस, बरोब्बर तीनशे. बाकीचे हिस्सेदार पुणे, नांदेड, हैदराबाद आणि एक न्यू जर्सीत आहेत, त्यांचे नंबर पाठवतो.

तीनशे रुपये त्यांनी तिथंच मोबाइलवरून पाठवले. सरपंचानं पावतीपुस्तक उघडलं आणि विचारलं, “काय लिहू, मालक? एक हिस्सा?”

“छे, छे,” भाऊसाहेब फेटा पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, “पावतीवर सबंध गढी लिहा. फ्रेम करायचीय.”