कुपनांची बारनिशी

सेवानिवृत्त मनुष्याने काय करावे, यासंबंधी शास्त्रकारांनी वानप्रस्थाची शिफारस करून ठेविली आहे खरी. परंतु ज्याने उमेदीची सारी वर्षे जिल्हा कोषागारात देयके तपासण्यात, त्यांवर आक्षेप काढण्यात आणि नियमाचा क्रमांक दाखवून समोरच्या अर्जदाराचा हिरमोड करण्यात घालविली, त्याला डोंबिवलीच्या दोन खोल्यांत नुसते बसून चित्तशांती लाभेल असे मानणाऱ्या शास्त्रकारांनी कोषागार पाहिलेच नसावे. रक्कम, मुदत आणि अटी या तिहींवाचून मला करमत नाही. ही तिन्ही एकत्र नांदतात असे क्षेत्र मी बरेच दिवस शोधीत होतो. ते अखेर किराणा मालावरील कुपनांत गवसले.

कुपन ही वस्तू क्षुद्र समजू नये. जुन्या पेढ्यांवरच्या मुदती हुंडीची ती धाकटी बहीण होय; रक्कम ठरलेली, मुदत बांधलेली, आणि वटते की परत येते ही धाकधूकही तीच. हिचे कुळ मात्र परदेशी. अमेरिकेतील अटलांटा शहरी आसा कँडलर नामक औषधविक्रेत्याने १८८७ च्या सुमारास, पाच सेंट किमतीचा कोका-कोलाचा पेला एक वेळ फुकट मिळेल, अशा चिठ्ठ्या लोकांस वाटण्याचा उपक्रम आरंभिला. आणि १८९४ ते १९१३ या अवधीत सुमारे पंच्याऐंशी लक्ष पेले जनतेने विनामूल्य रिचविले, असा कंपनीचाच अंदाज आहे. एवढ्या लोकांना फुकट पाजूनही हा गृहस्थ अफाट श्रीमंत झाला आणि पुढे त्या शहराचा महापौरही झाला, हे वृत्त मी मोठ्या कौतुकाने घरी निवेदन केले, तेव्हा आमची ही तांदूळ निवडीत होती. ती मान वर न करता म्हणाली, “म्हणजे पैसे पिणाऱ्यांचेच गेले ना?” अर्थशास्त्राच्या काही प्रश्नांना उत्तर न देणे हेच शिष्टसंमत असते.

अमेरिकेतील कुपनांवर आणखी एक मजकूर बारीक टंकात छापलेला आढळतो: ‘रोख मूल्य एक शतांश सेंट’. पूर्वी तेथील दुकानदार गिऱ्हाइकांना बक्षिसाची तिकिटे देत. त्यांवर निर्बंध घालताना काही राज्यांनी तिकिटाला रोख मूल्य असलेच पाहिजे असा कायदा केला, आणि त्या कायद्याचा मान राखण्यासाठी उत्पादकांनी मानवी बुद्धीला सुचेल तेवढे लहान मूल्य लिहून टाकले. अशी शंभर कुपने सादर करून एक सेंट मागणारा अर्जदार आलाच, तर त्याचे देयक कोणत्या लेखाशीर्षाखाली मंजूर करावे, या विचारात मी एक अख्खी दुपार परम समाधानात व्यतीत केली.

आपल्याकडेही ही विद्या अगदीच नवी नाही. १९९९ साली ब्रिटानियाने बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा छापल्या होत्या आणि शंभर धावा जमविणाऱ्यास विश्वचषकाची पुस्तिका मिळे. त्या उन्हाळ्यात कित्येक सुशील घरांतील मुले शेजाऱ्यांच्या केराच्या टोपल्यांकडे ज्या नजरेने पाहत, ती पालकांना शोभणारी नव्हती. आता वेष्टने गेली आणि भ्रमणध्वनीवर संकेताक्षरे आली. तरीही नवशिक्याने आरंभ कागदापासूनच करावा हे माझे स्पष्ट मत आहे. वर्तमानपत्राची पुरवणी, चहाच्या खोक्याची आतली बाजू, दुकानातील पावतीची पाठ, या सर्व ठिकाणची आणि भ्रमणध्वनीवरचीही कुपने एका वहीत आवक क्रमांक देऊन नोंदवावीत, आणि मालाच्या प्रकारानुसार नव्हे तर मुदतीच्या तारखेनुसार लावावीत. मुदत सरलेल्या कुपनावर मी तांबड्या शाईने ‘कालबाह्य’ असा शेरा मारून सही करतो. त्याची आवश्यकता नाही, हे मला ठाऊक आहे.

खरे कसब अटी वाचण्यात आहे. ‘पन्नास टक्के सवलत’ हे शब्द डोळ्यांत भरतील एवढे आणि ‘कमाल शंभर रुपये’ हे शब्द भिंगातून दिसतील एवढे असतात. म्हणजे हजाराचा माल घेणारास ती सवलत दहाच टक्के पडते. दोन कुपने एकाच मागणीवर बहुधा चालत नाहीत. आणि सर्वांत घसघशीत कुपन नेमके ‘केवळ नव्या ग्राहकांसाठी’ असते. व्यापाऱ्याचे प्रेम अनोळखी माणसावर अधिक. आमच्या घरी या कलमाखाली पात्र ठरतील अशा एकट्या सासूबाईच उरल्या होत्या. त्यांचा क्रमांक मी सादर केला, आणि ऐन पोथीच्या वेळी परवलीचे सहा आकडे त्यांच्या यंत्रावर येऊ लागले. तेही त्या पोथीच्याच सुरात वाचून दाखवीत. साबुदाणा मात्र फार वाजवी भावात आला.

सगळा खेळ ‘किमान खरेदी’ या कलमावर चालतो, आणि आमच्या घरातील वादही याच कलमावर झाला. यादीतील मालाची बेरीज ४१२ रुपये आली होती. ४९९ च्या वर ७५ रुपये सूट होती. मी १२० रुपयांचे मखाणे घातले, बेरीज ५३२ झाली, सूट वजा जाता ४५७ उरले. माझ्या खतावणीत पंचाहत्तर रुपये बचतीच्या बाजूला जमा झाले. हिने पंचेचाळीस रुपये जादा खर्च, अशी नोंद काढली. “अहो, मखाणे यादीत होते का?” एवढाच तिचा मुद्दा. मी तिला लेखापद्धतीतील दोन संप्रदायांचा भेद समजावून सांगितला. तिने मखाणे तुपात परतून समोर ठेवले. आणि उभयपक्षी खाणे चालू असल्यामुळे प्रकरण निर्णयाविना दप्तरी दाखल झाले. तेव्हापासून ‘यादी आधी, कुपन मागून’ हा तिचा हुकूम वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात आहे. मी तो तिथे राहू दिला आहे.

तिची दुसरी हरकत अधिक बिकट. आता नियमानुसार वेष्टनावर एकूण किमतीबरोबर, एक किलोच्या आतील मालास दर ग्रॅमचा आणि वरील मालास दर किलोचा भावही छापतात. हा बारीक आकडा ती प्रथम वाचते. धुण्याच्या पावडरीचे सत्तर रुपयांचे अर्धा किलोचे पाकीट माझ्या दहा रुपयांच्या कुपनाने ग्रॅमला बारा पैसे पडले. शेजारचे एकशेदहाचे किलोचे पाकीट, कसल्याही कुपनावाचून, अकरा पैसे. कुपने छोट्या पाकिटांवर एवढी का उगवतात, हे गुपित त्या एका पैशात आहे.

वास्तविक तिला कुपनांचे आकर्षण नसण्याचे कारण निराळे आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी आगाऊ भरावी आणि घाऊक मालाची आपसांत वाटणी करावी, या पद्धतीत ती वाढली. शिवाय कोपऱ्यावरचा किराणावाला तिच्या हिशेबातले वरचे सुटे रुपये सोडतो, भाजीवाली कढीपत्त्याची काडी पिशवीत टाकते, आणि या सवलतींना मुदत नाही, किमान खरेदी नाही, संकेताक्षर नाही. मी त्याच किराणावाल्यापुढे छापील कुपन धरले, तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “काका, हे आमच्याकडे नाही चालत. तुम्ही दोन रुपये कमी द्या.” दोन रुपये मी स्वीकारले, पण कोणत्या नियमान्वये, हे त्याला सांगता येईना, म्हणून ती रक्कम अद्याप अनामत खाती पडून आहे.

सबब वाचकांस विनंती की, ज्यांच्या संग्रही तूरडाळीवरील अथवा शेंगदाणा तेलावरील मुदत न सरलेले कुपन निरुपयोगी पडून असेल, त्यांनी ते माझ्याकडे वर्ग करावे. मोबदल्यात कुत्र्यांच्या साबणावर चाळीस टक्के सवलतीची सनद देण्यात येईल. ती आमच्या दफ्तरी सुस्थितीत असून तिची मुदत येत्या रविवारपर्यंत आहे. कुत्रा अर्जदाराने स्वतःचा आणावा.