गळतीचे नाना

मुंबईच्या गोदीत किंवा परळ-लालबागच्या गिरणीत उभी हयात फिटर म्हणून घालवून, प्रॉव्हिडंट फंडाच्या रकमेतून गावच्या घराच्या पडवीत काँप्रेसर आणून बसविणारा चाकरमानी मालवणपासून देवबागपर्यंत कुठल्याही वाडीत भेटावा. आमच्या वाडीत त्याला नाना म्हणतात. होडी फवाऱ्याने रंगवावी, सावंतवाडीच्या धर्तीवर लाकडी खेळणी करून विकावी आणि पोरांच्या सायकलींत फुकट हवा भरून पुण्य जोडावे, असा त्यांचा मूळ संकल्प होता. परंतु रात्री १०० पौंडांवर भरून ठेवलेली टाकी पहाटे ६० वर आलेली दिसली आणि संकल्प तहकूब होऊन तपास सुरू झाला.

नवशिका मनुष्य काटा उतरताच गळतीची फिर्याद गुदरतो. नाना तसे करीत नाहीत. दाबलेली हवा तापलेली असते आणि ती निवताना, कुठे सुईएवढे छिद्र नसले तरी, दाब थोडा उतरतोच, हे जाणून टाकी हाताला गार लागेपर्यंत ते पानाला चुना लावीत स्वस्थ बसतात व मगच काट्याची जबानी ग्राह्य धरतात. त्यानंतर न्हाणीतल्या रिठ्यांवर जप्ती येते. फेसात बुडविलेला कुंचला प्रत्येक सांध्यावरून, कपलरवरून, नळीच्या क्लिपवरून फिरतो, आणि एखादा बुडबुडा फुगला की नानांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरते ती नातवाच्या बारशालाही कोणी पाहिली नव्हती.

“वारो खंय जाता, ता माका गावाक व्हया,” असे ते गर्जतात.

“पाणी खंयसून येता, ता पण बघा,” असे नानी कौलांकडे पाहून म्हणतात. ते अपील दाखल होत नाही.

नानांच्या ज्ञानाविषयी मात्र शंका घेऊ नये. मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी फुसफुस चालूच राहिली, तर लोक बिचाऱ्या स्विचचा पंचनामा करून नवा आणतात. खरा गुन्हेगार बहुधा टाकीच्या तोंडाशी बसलेला, नीट न मिटणारा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, आणि टाकीतली हवा उलट येऊन व्हॉल्व्हपासून स्विचकडे जाणाऱ्या बारीक नळीवाटे निसटत असते. तो व्हॉल्व्ह खोलण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करा, हा त्यांचा हुकूम मात्र विनोदाचा विषय नव्हे. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्याच दिशेने गुंडाळावी, उलट गुंडाळल्यास घट्ट करताना ती उकलते. आणि आमच्या दमट, खाऱ्या वाऱ्यात टाकीच्या बुडाशी पाणी साचून तिथला ड्रेन कॉक सर्वांआधी गंजतो, म्हणून शोध खालून सुरू करावा, असा त्यांचा दंडक आहे. १०० पौंडांच्या दाबाला एक मिलिमीटरचे भोक मिनिटाला ६०-७० लिटर हवा पळविते, हा आकडा ते सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबरही ऐकवितात. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतले असे सांगतात. तेव्हा १६६४ साली पाया घालणाऱ्यांना सांधा म्हणजे काय ते कळत होते, हल्लीच्या कपलरवाल्यांना कळत नाही, असे त्यांचे इतिहासविषयक मत आहे.

अखेर एका चतुर्थीला टाकी रात्रभर टिकली. त्या दिवशी नाना इतके उदास दिसले की नानींनी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चांगला कपलर “सहज” खोलून पाहिला आणि त्यांना पुन्हा भूक लागू लागली. टाकी भरलेली असेल तेव्हा ती पुराव्यादाखल भरलेली असते, तिला हात लावण्याची कोणास मुभा नाही. सबब आमच्या वाडीत सायकल घेऊन येणाऱ्याने हातपंप घरूनच आणावा.