भविष्यकाळाची पन्नाशी

आपल्याकडे वर्धापनदिन कशाचाही होतो. पतपेढीचा होतो, वाचनालयाचा होतो, हास्यक्लबचाही होतो आणि त्या दिवशी नेमकी भाषणं असल्यामुळे कुणी हसत नाही. जुनं झालं की शाल-श्रीफळ, हा आपला साधा हिशेब. पण ज्याचं सगळं भांडवलच ‘उद्या’ हे होतं, ते जुनं झालं तर त्याचा सत्कार कसा करायचा?

आमच्या शाळकरी वयात लेसर म्हणजे भविष्यकाळ. २००० साली माणूस जेवणाऐवजी गोळ्या खाईल, सुट्टीत चंद्रावर जाईल आणि खलनायकाचा काटा लेसरनं काढला जाईल, याबद्दल वर्गात दुमत नव्हतं. पुढे गोळ्या आल्या खऱ्या, पण रक्तदाबाच्या. लेसर आला तो वाण्याच्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यावरच्या काळ्या रेघा वाचायला, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे साचलेली जळमटं काढायला. अशा या संसाराला लागलेल्या लेसरच्या खेळांना, म्हणजे रीतसर तिकीट लावून अंधारात दाखवल्या जाणाऱ्या खेळांना, नोव्हेंबर २०२३ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण झाली.

त्याची कथा मला फार आवडते, कारण तिची सुरुवात फसलेल्या सिनेमापासून होते. थिओडोर मेमननं १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबूला माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, तेव्हा उत्तर सापडलंय पण प्रश्न सापडत नाही, अशी त्याची थट्टा व्हायची. दहा वर्षांनी कॅलटेक विद्यापीठात एल्सा गार्मायर नावाची पदार्थवैज्ञानिक बाई संशोधनातून सवड काढून लेसरशी खेळत होती. तो खेळ आयव्हन ड्रायर या फिल्मवाल्यानं पाहिला, वेडा झाला आणि कॅमेरा घेऊन आला. फिल्म धुऊन पाहतो तर सगळी जादू गायब. लेसरचा रंग एकाच तरंगलांबीचा, म्हणजे अगदी निर्भेळ. तो फिल्मवर उतरेचना. दुसरा एखादा असता तर त्यानं विषय बदलला असता. यानं सिनेमाच सोडला. हे दाखवायचं तर समोरासमोर, एवढं त्याला कळलं.

मग तो लॉस एंजलीसच्या डोंगरावरल्या ग्रिफिथ वेधशाळेत गेला. तिथे आधी नोकरी केलेली, तेव्हा ओळख होती. ओळखीचा जो उपयोग सगळीकडे होतो तोच झाला: ‘बघू’. ते बघणं तीन वर्षं चाललं. अखेर १९ नोव्हेंबर १९७३ला तिथल्या तारांगणात ‘लेझेरियम’ सुरू झालं. चाचणीपुरतं म्हणून आलेलं हे पाहुणं मुक्कामाला राहिलं ते थेट २००२ पर्यंत. पुढे दुरुस्तीसाठी वेधशाळा बंद झाली आणि २००६ मध्ये नव्यानं उघडली, तेव्हा लेझेरियमला जागा उरली नव्हती. जीर्णोद्धारात मूळ देवालाच बाहेर बसवण्याचं कसब आपल्याकडेच आहे, असं मी समजत होते. ड्रायर २०१७ मध्ये गेला.

ग्रिफिथमध्ये नाही, पण सिअ‍ॅटलमध्ये खेळ चालू आहेत. तिथल्या पॅसिफिक सायन्स सेंटरमध्ये सत्तरच्या दशकापासून लेसर दाखवतात, आणि सर्वांत दीर्घकाळ चालत आलेला लेसर घुमट आपलाच, असं ते सांगतात. ही वास्तू १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली. प्रदर्शनाचा विषय होता एकविसावं शतक! त्यासाठी स्पेस नीडल हा मनोरा आला, मोनोरेल आली आणि मिनोरू यामासाकी यांनी बारीक पांढऱ्या कमानींचं विज्ञानदालन उभारलं. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे त्यांनी पुढे केले. एकविसावं शतक येऊन त्याचा पाव भाग सरला, तरी इथे अजून ते यायचंच आहे, असं वाटतं.

माझा भाचा त्याच गावात संगणकावर पोट भरतो. त्या भागात मराठी माणसं इतकी की मंडळाच्या दिवाळी फराळात चकलीवरून दोन तट पडू शकतात. तो आम्हाला खेळाला घेऊन निघाला तेव्हा हातात उशा आणि पांघरूण.

‘‘मावशी, तिथे आडवं पडूनच बघायचं असतं.’’

नाट्यगृहात झोपणारे मला नवे नाहीत, एकाशी तर मी लग्नच केलंय. पण व्यवस्थापनच झोपा म्हणतंय, हे प्रथमच पाहिलं. आमचे हे क्षणात प्रसन्न झाले.

घुमटाखाली बहुतेक जागा गालिच्याची. कडेनं थोड्या खुर्च्या. ओळखदेख नसलेली माणसं एकमेकांच्या पायाशी डोकं करून पसरतात. विशीतली पोरं, सत्तरच्या दशकात केस वाढवून आता टक्कल मिरवणारे आजोबा, एखादं तान्हं. आपल्या लग्नघरात रात्री गाद्या अंथरल्या की जी सरमिसळ होते, अगदी ती. फक्त इथे कुणी घोरलं तर पिंक फ्लॉइडच्या संगीतात बुडून जातं.

पिंक फ्लॉइड इथलं ग्रामदैवत. त्यांची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी मार्च १९७३ची, म्हणजे लेझेरियमहून काही महिन्यांनी थोरली. तिच्या वेष्टनावर लोलकातून फुटणारा प्रकाश आहे. गंमत अशी की शुद्ध एकरंगी लेसर लोलकातून गेला तर नुसता वळतो, त्याचे रंग काही फुटत नाहीत. पण ड्रायरचा क्रिप्टॉन वायूचा लेसर एकाच झोतात लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार रंग घेऊन यायचा आणि ते वेगळे करायला त्यानं लोलकच लावला होता. हल्ली बियॉन्से आणि टेलर स्विफ्टचेही खेळ लागतात. दैवत मात्र तेच.

खेळ सुरू झाला. वर एक हिरवं वर्तुळ फिरू लागलं, त्याचं कमळ झालं, कमळाचा भोवरा झाला. भाच्याने कानाशी सांगितलं की छतावर या घडीला एकच ठिपका आहे. दोन इवलेसे आरसे, एक आडवा हलतो, दुसरा उभा; ठिपका इतका झरझर पळतो की आपले डोळे त्याची वाट पुसायच्या आत तो पुन्हा तिथे हजर. ठिपका एकच, बाकीचं कमळ आपल्या डोळ्यांच्या आळसानं काढलेलं. मग रेघा विरल्या आणि खडबडीत काचेतून सोडलेला झोत लाल धुरासारखा हळूहळू पसरला. त्यात बारीक रवा चमकत होता. लेसरचा उजेड असा रवाळच दिसतो, आणि तो रवा भिंतीवर नसतो, आपल्या डोळ्यांतच तयार होतो. मी चष्मा काढला, मान डावीकडे नेली. रवा उजवीकडे सरकला. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला तो असा उलटा पळताना दिसतो. ‘ह्यां’ना जवळचं दिसत नाही, त्यांचा रवा त्यांच्याच बाजूनं पळत होता. इतक्या वर्षांच्या संसारात आमचा हा एकच मतभेद असा निघाला, की ज्यात दोघंही बरोबर होतो.

आणि हे सगळं मागे एक माणूस हातानं वाजवत होता. त्याला लेसरिस्ट म्हणतात. गाणं ठरलेलं, ठोकळेबाज नक्षी यंत्रात भरलेली, पण रंग कधी ओतायचा, कुठे हात आखडायचा, हे त्याचं त्या रात्रीचं. ढोलाच्या थापेआधी त्यानं क्षणभर पूर्ण काळोख केला, आणि थाप पडताच घुमट पांढरा फुटला. नकळत माझ्या तोंडून ‘वा!’ गेलं. शेजारच्या टकलू आजोबांनी मान वळवून दाद दिली. मला की त्याला, कोण जाणे.

माझ्या मते हे प्रकरण पन्नास वर्षं टिकलं ते या हातामुळे आणि त्या फसलेल्या फिल्ममुळे. नुसतं तंत्रज्ञान म्हणून लेसरचं अप्रूप केव्हाच संपलं. आज कुठल्याही फोनच्या पडद्यावर याहून चमचमीत चित्रं हलतात. पण ही चित्रं फोनमध्ये मावत नाहीत. भाच्याच्या बायकोनं घेतलेल्या फोटोत एक हिरवट डाग आला आहे आणि खाली माझी टाच.

आपल्याकडेही लेसर आला, पण आपण तो छताऐवजी माणसांवर सोडला. २०२३च्या विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिक-पुण्याकडे दृष्टिपटलाला इजा झालेली तरुण मुलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, आणि २०२४च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना या झोतांवर बंदी घालावी लागली. घुमटात झोत वर जातो, छतावर आपटून पसरतो आणि मगच आपल्याकडे येतो. रस्त्यावर उभ्या केलेल्या यंत्राचा झोत सरळ बुबुळातून आत जातो आणि डोळ्याचं भिंग तो इमानेइतबारे एका बिंदूवर गोळा करतं. गणपती बुद्धीचा देव आहे, याची आठवण मंडळांना वर्गणी मागतानाच तेवढी होते. बंदी दर वर्षी नव्यानं काढावी लागू नये, एवढं मंडळांनी मनावर घ्यावं.

सिअ‍ॅटलकडे कुणाचा मुलगा, कुणाची भाची असेलच. गेलात तर एक रात्र या घुमटाखाली काढा. उशी आपली न्या, फोन खिशात ठेवा, आणि कंबर धरत असेल तर दार उघडल्याबरोबर कडेची खुर्ची गाठा. त्या फार थोड्या आहेत.