कलमभाऊ

चंद्रपुरात दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला चहाच्या कुठल्याही टपरीवर हा माणूस भेटतो. रात्री वीज केंद्राच्या आवारात वाघ दिसला, एवढी बातमी त्याला पुरते. बाकीचे विचारतात, केवढा होता? हा विचारतो, "शेड्युल कोन्तं?"

उत्तर अर्थात त्यालाच द्यायचं असतं. "शेड्युल वन! वन्यजीव कायदा 1972, कलम एकोणचाळीस. वाघ सरकारी मालमत्ता हाये भाऊ, एस्टीसारखी."

"मंग सरकारनं आपली मालमत्ता आपल्या घरी ठेवावी ना गा," ज्याची शेळी गेली तो म्हणतो.

"ठेवलीच हाये. आपनच सरकारच्या घरात राहून राहिलो."

खरं तर त्या कलमात येतो तो शिकार झालेला, मेलेला किंवा कोंडून ठेवलेला प्राणी. मोकळ्या वाघाबद्दल कलम गप्प आहे. पण हे टपरीवर सांगायची सोय नाही. कलमभाऊंचा चहा थंड होतो आणि दुसरा आपल्याला पाजावा लागतो.

कुणीतरी त्यांना सांगितलं की विलायतेत 1976 चा एक कायदा आहे. स्थानिक कौन्सिलचा परवाना काढायचा, विमा उतरवायचा आणि घरी खुशाल बिबट्या पाळायचा. भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या मनपाले मोकाट डुकरं आवरत नाहीत, बिबट्याचे परवाने देते म्हने!" तरी 'विमा' हा शब्द त्यांनी डायरीत टिपून घेतला.

हेमलकशाचा विषय निघाला की मात्र कलमं जरा मऊ पडतात. डॉ. प्रकाश आमटे 1973 साली तिथे गेले, माडिया आदिवासींनी शिकार केलेल्या माकडिणीचं पिल्लू सांभाळू लागले, आणि पुढे अस्वलं, बिबटे असा गोतावळाच जमला. 'नेगल' नावाचा बिबट्या तर पुस्तकात जाऊन बसला. प्राणिसंग्रहालयांचं केंद्रीय प्राधिकरण 1992 मध्ये आलं. मान्यता, पिंजऱ्यांची मापं, नोंदवह्या हे सगळं नंतरचं. "त्र्याहत्तरात तं हेमलकसा आपल्याच जिल्ह्यात होता," भाऊ छाती काढून सांगतात. गडचिरोली 1982 साली वेगळा झाला, त्याचं दुःख त्यांना बिबट्यांपुरतंच आहे.

आणि घरी मिठू आहे. मागच्या पडवीत, तारेच्या पिंजऱ्यात, मे महिन्यात वरून ओला दुपट्टा टाकलेला. पोपट पाळणं गुन्हा आहे, हे भाऊंइतकं चंद्रपुरात क्वचितच कुणाला पाठ असेल. 2022 च्या दुरुस्तीत सहाच्या चार अनुसूच्या झाल्या आणि पोपट चौथीतून दुसरीत आला. तेव्हा भाऊंनी घरी पेढे आणले. "मिठूचं प्रमोशन झालं!" ज्या कलमाने त्यांनी आयुष्यभर वाघ सरकारजमा केला, ते वाघापेक्षा मिठूलाच नेमकं बसतं. हे त्यांना कळलेलं नाही असं मला वाटत नाही.

परवा वनरक्षक चहाला आले होते. वहिनींनी पिंजरा आधीच न्हाणीत नेऊन ठेवला होता. भाऊ खुर्ची पुढे ओढून शिक्षेच्या तरतुदी समजावून सांगत होते, शेड्युल वनला तीन ते सात वर्षं वगैरे, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "कलम एकोनचाळीस!"

वनरक्षकांनी कप खाली ठेवला. "कोन गा?"

"नातू," भाऊ म्हणाले. "एमपीएससी करून राहिला."