उपकारस्तुतीकाका

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत जा. पाळक बदललेले असतील, पंच कमिटी भांडून दोनदा बरखास्त झालेली असेल, हार्मोनियमचा भाता फाटलेला असेल. पण एक उपकारस्तुतीकाका असतातच. ही जागा निवडणुकीने भरत नाहीत. एक काका थकले की दुसरे आपोआप तयार होतात, आणि त्याबद्दलही देवाची उपकारस्तुती करतात.

आमच्या काकांना खऱ्या अर्थाने पाहायचं तर 31 डिसेंबरच्या रात्री. त्या रात्री आमच्याकडे वॉच नाइट असते. अठराव्या शतकात मोरेवियन मंडळींनी ही जागरणाची उपासना सुरू केली, जॉन वेस्लीने ती उचलली आणि मिशनच्या वाटेने ती आपल्याकडे रुजली. कल्पना साधी आहे. सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे, बाराच्या ठोक्याला गुडघ्यांवर असायचं आणि नव्या वर्षात उठून उभं राहायचं. मोरेवियन लोकांनी हे सगळं ठरवलं तेव्हा त्यांच्यात काका नसावेत.

साडेदहाला गाणी सुरू होतात. पाळकसाहेबांनी प्रवचनासाठी लूककृत शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढून ठेवलेला असतो. दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटाच परत येतो, तोही शोमरोनी. पण हा उतारा वाचण्याआधी रीतीप्रमाणे विचारावं लागतं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" विचारताना पाळकसाहेब मुद्दाम बायकांच्या बाजूला बघतात. तोवर काका माइकपाशी पोचलेले असतात. बाकीचे नऊ जण आभार मानायला का परतले नाहीत, याचा उलगडा मला एकदा काकांची साक्ष ऐकताना झाला. ते आले असणार. दहावा बोलत उभा होता, म्हणून त्यांची पाळीच आली नसेल.

काका ऐनवेळचं बोलत नाहीत, त्यांच्यामागे परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनाचा देशी बाज उपासनेत आणला. काकांचे आजोबा टिळकांना पाहिलेल्या एका गृहस्थांना ओळखत असत, आणि एवढ्या भांडवलावर काका साक्षीला पूर्वरंग आणि उत्तररंग लावतात. पूर्वरंगात जन्म, देवी, गोवर, मिशन बोर्डिंगातली खिचडी आणि लग्न. उत्तररंगात चालू वर्ष, महिनावार. जानेवारीत दुचाकी घसरली पण पाय मोडला नाही, प्रभूची स्तुती असो. मार्चमध्ये पाय मोडला पण डावा मोडला, प्रभूची स्तुती असो. ऑगस्टमध्ये गॅस संपला, पण चहा उकळल्यावर संपला. इथे मागच्या बाकांवर तरुण संघाची पोरं "हालेलूया" म्हणतात. काकांना ते खरं वाटतं आणि ते सप्टेंबरकडे वळतात.

आता या सगळ्या आभारांची एक गंमत आहे. ते थेट वर जातात, मध्ये कुठेही थांबत नाहीत. पाय मोडला तेव्हा काकांना रिक्षात घालून नेलं ते शेजारच्या पोराने. महिनाभर पाठ चोळली, भांडं दिलं, रात्री उठून पाणी दिलं ते काकूंनी. साक्षीत मात्र येतं एवढंच, की परमेश्वराने मला सांभाळलं. काकू त्या वेळी मागे महिला मंडळाबरोबर दीडशे माणसांच्या चहाला आधण ठेवत असतात. त्यांच्या कानावर हे पडतं आणि साखर जराशी जोरात पडते.

या बाबतीत सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे मेहुण्यांचे पैसे. काकांच्या मुलीच्या फीला पन्नास हजार कमी पडत होते, ते काकूंच्या भावाने दिले. त्या वर्षीच्या वॉच नाइटला काका गहिवरून म्हणाले, "मी कुणापुढे हात पसरला नाही. गुडघे टेकले, आणि परमेश्वराने एका माणसाला उभं केलं!" तो माणूस तिसऱ्या बाकावर बसलेला होता. काकांनी त्याच्यापुढे हात पसरला होता आणि तारखेची चिठ्ठीही लिहून दिली होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. पण सगळी मंडळी "आमेन" म्हणाली, तेव्हा त्यालाही म्हणावं लागलं. उसने पैसे मागता येतात. चमत्कार परत कसा मागायचा? मेहुणे विचारात पडले ते पडलेच.

साक्षीनंतर आभाराची पाकिटं. आत पैसे, वर नाव आणि कारण, आणि चिटणीस ते मोठ्याने वाचतात. इतर घरांतून एकेक पाकीट येतं. काका दर कारणाला वेगळं पाकीट करतात, प्रत्येकात अकरा रुपये. डावा पाय, गॅस, नातवाचा दात, नगरपालिकेचं पाणी. हिशेबाने बघाल तर एखाद्या डॉक्टरच्या एका पाकिटाइतकीही ही रक्कम भरत नाही, पण डॉक्टरचं नाव एकदाच ऐकू येतं.

बाराला पाच कमी असताना पाळकसाहेब प्रवचनाची शेवटची पानं न वाचता उलटतात आणि सगळे गुडघे टेकतात. घंटा होते, हस्तांदोलनं होतात, आणि वर्षाच्या वचनाची कार्डं तबकातून फिरतात. ज्याला जे वचन निघेल ते त्याचं वर्षभराचं. काकांना समृद्धीचं निघालं तर तो प्रभूचा आवाज. धीराने वाट बघण्याचं निघालं, तर ते कार्ड परत तबकात, एक छोटी प्रार्थना, आणि दुसरं. "पहिलं दुसऱ्या कुणासाठी होतं," असं ते सांगतात. त्यांच्यामागून तबक मेहुण्यांकडे जातं.

चहा-केक झाला की समेट. जुन्या वर्षातलं काही नव्यात न्यायचं नाही, असा काकांचा नेम आहे. ते तुमचे दोन्ही हात धरतात आणि म्हणतात, "सलाम. ईस्टरला तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात, ते मी पूर्ण मनाने माफ केलं." आपण काय बोललो हे तुम्हाला आठवत नाही. बरोबर उभ्या असलेल्या चार जणांना मात्र कळतं, की हा काहीतरी बोलला होता. वर्षाच्या पहिल्या अर्ध्या तासात काका असे दहा-बारा शत्रू तयार करून माफ करतात.

एक जानेवारीच्या सकाळची भक्ती आटोपली की दयेचं काम. काका चार ब्लँकेटं घेऊन बसस्टँडकडे निघतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण त्यांना तोंडपाठ आहे; पण डाव्या हातात मोबाइल असतो, त्याला कळल्यावाचून कसं राहील? थंडीत कुडकुडणारा म्हातारा ब्लँकेट ओढतो, काका ते सोडत नाहीत, कारण फोटो हललेला असतो. एकदा एका म्हाताऱ्याने, "साहेब, आधी पांघरू द्या, मग काढा," असं सांगून पाहिलं. पांघरल्यावर चेहरा दिसेना, म्हणून पुन्हा काढायला लावलं.

पण एवढंच लिहून थांबलो तर काकांवर अन्याय होईल. रात्री दोनला कुणाला सिव्हिलमध्ये हलवायचं असलं, तर पाळकांच्या आधी काकांना फोन जातो आणि ते मफलर गुंडाळून हजर असतात. मयत झाली तर पेटी, दफनभूमीची परवानगी, खड्डा खणणाऱ्यांचा चहा, सगळं काकांकडे. आमच्या एका पंचांना रक्त लागलं तेव्हा काकांनीच दिलं. हे पंच गेली कित्येक वर्षं काकांच्या प्रत्येक सूचनेला विरोध करत. हल्ली ते मीटिंगमध्ये हात वर करायला लागले, की काका नुसतं त्यांच्या दंडाकडे बघतात.

2020 साली रात्रीची संचारबंदी आली आणि आमची वॉच नाइट मोबाइलवर भरली. पाळकसाहेबांच्या हाती प्रथमच काकांना गप्प करण्याचं बटण आलं होतं. त्यांनी ते पूर्वरंगातच दाबलं. काका पडद्यावर पस्तीस मिनिटं हातवारे करत राहिले, मध्ये एकदा डोळेही पुसले. शेवटी कुणीतरी त्यांना फोन करून सांगितलं, की आवाज येत नव्हता. काका म्हणाले, "ज्याला सांगत होतो त्याला आला." पाळकसाहेबांनी मान्य केलं, की या एका वाक्यात त्यांच्या प्रवचनापेक्षा जास्त माल होता.

गेल्या वर्षअखेरीला मात्र वेगळंच झालं. "कुणाला साक्ष?" असं विचारताच तिसऱ्या बाकावरून मेहुणे उठले. आयुष्यात ते माइकसमोर कधी गेले नव्हते. दोन्ही हातांनी माइक धरून ते एका दमात म्हणाले, "माझ्या दाजींच्या मनात या जानेवारीत पन्नास हजार परत करण्याची इच्छा घातल्याबद्दल मी परमेश्वराची आगाऊ उपकारस्तुती करतो." मंडळीत असा "आमेन" मी पूर्वी ऐकला नव्हता. मागून काकूंचाही आला. काका उठले, पुढे गेले आणि मेहुण्यांना कडकडून मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मग पाकिटं वाचायला सुरुवात झाली. चिटणिसांनी काकांची नेहमीची चळत संपवली. तेवढ्यात काकांनी खिशातून आणखी एक पाकीट काढलं, त्यावर उभ्याउभ्या काही खरडलं आणि पुढे केलं. चिटणिसांनी चष्मा सावरून वाचलं, "मेहुण्यांचा विश्वास वाढल्याबद्दल, रुपये अकरा."